थांबवलेला भाता

भाता मी थांबवला होता. माझा हात दुखला नव्हता, मनगट लचकलं नव्हतं, आणि देवाने तर मुळीच काही केलं नव्हतं. ऐन वेळी मी पेटीचा भाता हलवायचं मुद्दाम बंद केलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, की हात उचलेना. माझी चूक एवढीच. लिहायला दोन ओळी पुरतात. कबूल करायला मात्र मला कित्येक वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं तिचा भार मी सोडून दुसरेच वाहत राहिले.

आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या काठावर. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीने ते उचलून डोंगराच्या अंगाला आणून बसवलं. भैरोबाचं देऊळ नवं बांधलं, देव तेवढा जुना. गावात भजनी मंडळ होतं आणि मंडळाकडे एक पेटी होती. कुठल्याशा मोडलेल्या नाटक कंपनीची ती पेटी, भली मोठी, जड, आणि तिचा भाता इतका ताठ की मोठ्या माणसालाही डाव्या हाताने तो हलवत उजव्याने वाजवायचं म्हणजे घाम फुटायचा.

माझ्या मित्राला पेटीचं वेड लहानपणापासून. पण त्याच्या कोवळ्या हाताला तो भाता हलेना. मंडळाचे जुने पेटीवाले खटपटे होते. त्यांनी मला पेटीच्या पलीकडच्या अंगाला, त्याच्या समोर बसवलं आणि म्हणाले, "तू भाता मार. ह्याला वाजवू दे. दोगांत मिळून एक पेटीवाला झाला तरी मंडळाचं काम भागतंय."

तसंच झालं. मी दोन्ही हातांनी भाता मारायचो आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असायचे. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यात अडकलेला असतो. ह्याचा नव्हता. त्यामुळे उजवा हात अभंगाची चाल वाजवायचा आणि डावा खाली आपल्याच नादात काहीतरी शोधत फिरायचा. आम्ही दोघे मांडी घालून इतके जवळ बसायचो की पेटीच्या कडेला आमचे गुडघे एकमेकांना लागायचे. वारा जास्त हवा असला की तो गुडघा दाबायचा, कमी हवा असला की काढून घ्यायचा. बोलायची गरज पडायची नाही. मला गाता येत नव्हतं, टाळही धड धरता येत नव्हता. पण तो कुठे श्वास घेणार हे मला त्याच्या आधी कळायचं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मग तो मुंबईला गेला. आमच्या मुळशी-मावळातली बरीच माणसं तिथे डबे पोचवण्याच्या कामात होती. त्याचा मामाही होता. मामाने त्याला डब्यांच्या हातगाडीवर घेतलं. त्याच्या वाटेवर गोव्याचे एक बँडमास्तर राहायचे. हॉटेलांत बँड वाजवायचे आणि दिवसा घरी पोरांना शिकवायचे. रिकामा डबा न्यायला हा मुद्दाम लवकर जाऊन जिन्यात बसून ऐकायचा. एकदा मास्तरांनी आत बोलावलं आणि पियानोसमोर बसवलं. पेटीवाला म्हणून ओळख सांगितलेला हा मुलगा दोन्ही हातांनी वाजवतो आहे हे बघून मास्तर चकित झाले. विचारलं, कुठे शिकलास? हा म्हणाला, भैरोबाच्या देवळात. पुढे डबे सुटले आणि तो मास्तरांच्या बँडमध्ये शिरला. हे सगळं त्यानेच मला सांगितलं, जत्रेला आला तेव्हा.

ती चैत्रातली जत्रा. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली. तो पांढरी विजार आणि काळे बूट घालून एस.टी.तून उतरला आणि सगळं गाव त्याला बघायला जमलं. त्याची आई तर जमिनीवर पाय ठेवून चालतच नव्हती. सकाळभर आम्ही देवळात पेटी काढून बसलो. तो जे वाजवत होता ते मी कधी ऐकलं नव्हतं. अभंगाची चाल ओळखीची, पण खालून डाव्या हाताने तो एकेक सूर असा सरकवायचा, की ओळखीच्या रस्त्यावर पहिल्यांदाच पाऊल टाकतो आहोत असं वाटावं.

"ह्याला तिकडं जाझ म्हणतात," तो म्हणाला. "लई अवघड न्हाई रं. आपल्या भजनात बुवा चरण धरून कुटं कुटं हिंडून येतो आन् बाकीचे वाट बघत ऱ्हात्यात, का न्हाई? तसंच. हिंडायचं आपलं आपण, घरी यायचं समद्यांनी मिळून."

"मला बी ने की मुंबईला," मी म्हणालो. अर्धं थट्टेत, अर्धं खरं.

"तू तितं काय करशील?"

"हेच. भाता मारीन."

तो हसला. वाईट हसला नाही. आज आठवतो तेव्हा त्या हसण्यात मला माया दिसते. "गड्या, पियानूला भाता नसतुया. त्याला वाराच लागत न्हाई."

तेवढ्यात मंडळाचे बुवा आले. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि माझ्याकडे बघून गमतीने विचारलं, "आन् ह्यो कोण?"

"ह्यो माजा वारा," तो म्हणाला. सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण 'वाराच लागत नाही' हे माझ्या छातीत जाऊन बसलं होतं. ज्या एका गोष्टीसाठी मी त्याला हवा होतो, तिची गरजच नाही असं एक वाद्य जगात आहे आणि तो ते रोज वाजवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या जत्रेची एक रीत आहे. पालखी शिवेपर्यंत जाऊन दिवस कलताना देवळाच्या पायरीशी येते. खांदेकरी तिथे उभे राहतात. आत सभामंडपात भजनी मंडळ देवाला घरात घ्यायचा अभंग धरतं. तो अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत खंड न पडता पुरा झाला की मगच पालखी पायरी चढते. मध्ये खंड पडला, तर देवाला घरी यायचं नाही असं समजायचं. मग पालखी तोंड फिरवून पुन्हा सगळ्या गावाला फेरी घालते आणि ते वर्ष गावाला जड जाणार असं जुनी माणसं म्हणतात. कुणाच्या आठवणीत तसं कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी अभंग रंगला होता. माझ्या मित्राने चाल थोडी वर चढवली होती आणि मंडळी त्याच्या मागोमाग त्या उंचीवर गेली होती. दारात पालखी, खांदेकऱ्यांच्या मानेवर गुलाल आणि घाम. बायकांच्या घोळक्यात त्याची आई पदर तोंडाशी धरून उभी. त्याने गुडघा दाबला. जास्त वारा हवा होता.

मी हात थांबवले.

वाटलं होतं, क्षणभरच थांबवू. त्याने माझ्याकडे बघावं, एवढंच. पण पेटीच्या पोटात वारा साठून साठून किती साठणार? त्यात तो दोन्ही हातांनी वाजवत होता. दहा बोटांखालून वारा भसकन निघून गेला आणि सूर म्हाताऱ्याच्या उसाशासारखा खाली खाली जात विझला. वरच्या पट्टीत चढलेली मंडळी आधार नसल्यासारखी कोलमडली. कुणी खाली उतरलं, कुणी तिथेच राहिलं, बुवा ठसकले. टाळ थांबले.

ती शांतता मला अजून ऐकू येते.

"काय झालं रं?" बुवांनी मला विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "हात उचलंना." आणि मी मनगट धरलं. ते धरणंही खोटंच.

दारातून देवाचे भगत आत आले. त्यांनी माझा हात पाहिला, पेटी पाहिली, माझ्या मित्राचे बूट ठेवलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. "द्येवानं हात धरला ह्याचा," ते म्हणाले. "हाटेलात दारूपुढं वाजवल्याली बोटं भैरोबाला न्हाई चालली."

पालखी मागे फिरली. माझा मित्र पेटीवर हात ठेवून तसाच बसून होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे, आणि हळूच म्हणाला, "लई दुखतंय का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी मान हलवून हो म्हटलं.

त्या वर्षी पावसाळ्यात गावातली काही जनावरं रोगाने दगावली. तेवढं निमित्त पुरलं. माझ्या मित्राला कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. तो तर दुसऱ्या दिवशीच मुंबईला गेला होता. पण त्याच्या आईने देवळासमोर उभं राहून सांगितलं, "माज्या ल्येकापायी द्येव दारातून मागं फिरला. आता त्यो आपणहून बलवंस्तवर मी ह्या पायरीवर पाय न्हाई ठिवायची." आणि लेकाला निरोप धाडला, की गावात येऊ नको. ती सणावाराला पिरंगुटला लेकीच्या घरी जाऊन त्याला भेटून यायची. गावात मात्र तो आला नाही. दर जत्रेला सगळ्या बायका नारळ-फुलं घेऊन आत जायच्या आणि ही समोरच्या उंबराखाली उभी राहून लांबूनच हात जोडायची.

त्या पहिल्या संध्याकाळी तिनेच माझ्या मनगटाला हळद-चुना गरम करून लावला होता. "माज्या पोरापायी तुला सोसाया लागलं रं," म्हणाली होती. पुढेही कधी वाटेत भेटली की माझा हात हातात घेऊन विचारायची, "बरा हाय का आता? थंडीत धरत न्हाई न्हवं?" मी म्हणायचो, बरा आहे. हे मी कितीदा म्हणालो असेन ते देव जाणे. मला धरणावर स्टोअरकीपरची नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकू लागले. भगत वारले, बुवा वारले. ज्यांच्यापुढे खोटं बोललो ती माणसं एकेक करून जात होती, आणि दर वेळी वाटायचं की आता बोलण्यात काय अर्थ? पण उंबराखाली ती असायची.

धरणावर साहेब लोकांचा एक बंगला होता. गोऱ्या साहेबांच्या वेळचा एक पियानो तिथल्या दिवाणखान्यात पडून होता. तो माझ्या ताब्यात होता, जसे खुर्च्या-पलंग होते तसा. आमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या एकदा दाबल्या की वर येत नाहीत. म्हणून पावसाळाभर त्याच्या पोटात एक बल्ब पेटता ठेवायचा, म्हणजे आत ऊब राहते, असं जुन्या बटलरने मला शिकवलं होतं. मी ते न चुकता करायचो. पण पट्टीला बोट कधी लावलं नाही.

माझ्या पन्नाशीच्या आसपासची गोष्ट. थंडीचे दिवस होते. मोठे साहेब निवृत्त होणार म्हणून बंगल्यावर संध्याकाळी समारंभ ठरला. मुंबईहून बँड मागवला होता. सकाळी मी गोदामात सतरंज्या काढत होतो, तेवढ्यात बंगल्यातून पियानोचा आवाज आला. कुणीतरी एकेक पट्टी तपासत होतं. मग ते तपासणं थांबलं आणि वाजवणं सुरू झालं. मी सतरंजी टाकून दारात जाऊन उभा राहिलो.

पाठमोरा माणूस. डोक्याला टक्कल पडू लागलेलं, अंग सुटलेलं. मी चेहऱ्यावरून ओळखलं असं म्हणणार नाही. स्टुलाच्या बाजूला त्याचा डावा गुडघा बाहेर निघाला होता आणि रिकाम्या हवेला दाबत होता. सोडत होता आणि पुन्हा दाबत होता.

मी आत गेलो. त्याने मान वळवली, दोन-तीन सूर तसेच चालू राहिले, मग हात थांबले.

"तू?" तो म्हणाला. "तू हितं?"

"मी हितंच असतो."

"लेका, म्हातारा झालास की!" आणि उठून त्याने मला मिठी मारली. त्याच्या बँडचा ढोलवाला, गोव्याचा तिरकस माणूस, कोपऱ्यात आपली वाद्यं लावत होता. त्याने विचारलं, "कोण रे हा, भाऊ?"

"ह्याच्यामुळे मी पियानो वाजवतो," माझा मित्र म्हणाला. "हा नसता तर माझा डावा हात कामातच आला नसता."

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "जरा बाहेर ये."

"थांब रे, चहा तर घेऊ. मी सांगतो ह्याला, आपण दोघे कसे..."

"बाहेर ये. चहा घेतला तर मग मी बोलणार नाही."

बंगल्याच्या मागे पाण्याकडे उतरणाऱ्या दगडी पायवाटेवर आम्ही उभे राहिलो. मी सांगून टाकलं. गोल गोल काही बोललो नाही, इतकी वर्षं मनात घोकलेली सगळी प्रस्तावना विसरलो. "जत्रेत भाता मी मुद्दाम थांबवला होता. हात चांगला होता. तू म्हणालास पियानोला वारा लागत नाही, त्याचा राग आला होता."

तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पेटका आला नव्हता?"

"नाही."

"मी इतकी वर्षं समजतोय, की सकाळपासून तुला दमवला मी. जेवायला पण सोडलं नाही. वर ऐन वेळी आणखी वारा मागितला. मला वाटायचं, माझ्या हौसेपायी तुझा हात गेला." तो थांबला. "मुंबईत कुणी तालमीत दमला ना, तर मी आधी थांबतो. लोक म्हणतात, भाऊ फार दयाळू आहे."

आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याने माझ्या दंडावर एक गुद्दा मारला, चांगला जोरात. "साल्या! हात चांगला होता! आणि मी तुला विचारलं, लई दुखतंय का!"

"मार," मी म्हणालो. "आणखी मार."

"मारून काय करू? मला तर मुंबई मिळाली. मास्तरांनी पोरगी दिली, दोन पोरं आहेत, खाऊन पिऊन सुखी आहे. गावाने मला नाही बोलावलं म्हणून मी रडत बसलो असं वाटलं की काय तुला?" तो हे म्हणाला आणि माझ्या छातीतला दगड जागचा हलला. इतका मोकळा श्वास मी कितीतरी वर्षांत घेतला नव्हता. मला वाटलं, झालं. सुटलो.

मग त्याने विचारलं, "आई अजून उंबराखालीच उभी राहते?"

मी मान डोलावली.

त्याचा चेहरा बदलला. हसू कुठल्या कुठे गेलं. "पायरी चढली नाही एकदाही?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोयस तू?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मला त्याची भीती वाटली. "माझ्यापुढे बोलून मोकळा होणार होतास? चल. आत्ताच्या आत्ता."

ढोलवाल्याने दारातून ओरडून विचारलं, "अरे किधर? पाच बजे तक आना, नहीं तो मैं अकेला बजाएगा!"

"तू अकेला बजाएगा तो साहब लोग कल का रिटायर आजच होगा," माझ्या मित्राने जाता जाता सुनावलं.

काठाकाठाने गावाची वाट तासाभराची. सुरुवातीला तो झपाझप पुढे चालत होता. मग त्याला एकेक गोष्ट दिसू लागली. हा आंबा अजून आहे, ती विहीर कुठे गेली, इथे आपण खेकडे पकडायचो. मधेच तो म्हणाला, "मी तसं म्हणायला नको होतं रे. वारा लागत नाही म्हणून."

"खरंच तर होतं."

"खरं असलं म्हणून काय झालं? तुझ्यापुढे म्हणायचं ते?"

पुढची वाट मला हलकी गेली.

त्याची आई अंगणात नाचणी पाखडत बसली होती. नजर अधू झालेली. तिने आधी मला ओळखलं. "ये रं. हात बरा हाय न्हवं?" म्हणाली. मग माझ्या मागे कोण उभं आहे ते दिसलं आणि सूप हातातून खाली ठेवलं.

"तू कशाला आलास? तुला सांगितल्यालं न्हाई का? द्येवानं..."

"आई, ह्याचं ऐक आदी," तो म्हणाला. मुंबईची भाषा वाटेत कुठेतरी गळून पडली होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. अवघड गेलं. मी संपवल्यावर तिने माझा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि मनगट चाचपून बघितलं, जसं नेहमी बघायची.

"म्हंजे हात चांगला व्हता."

"व्हय, मावशी."

"आन् मी हळद लावली."

"व्हय."

"दर थंडीला इचारलं."

"व्हय. दर थंडीला."

"द्येव रागावला न्हवता?" तिने विचारलं. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "माज्या पोराच्या वाजवन्यावर न्हवता रागावला?"

"न्हाई, मावशी. द्येवाला तर आवडतच आसंल. रागावलो व्हतो मी."

तिने माझा हात झटकून टाकला. "मेल्या!" म्हणाली. "भाड्या! येवढा मोटा द्येव, आन् त्याच्या नावावर तुजा राग खपवलास?" तिने मला आणखीही बऱ्याच शिव्या दिल्या. त्या सगळ्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. मधेच ती रडली, मधेच चांगल्या गरगरीत लेकाकडे बघून म्हणाली, "किती वाळलाय," आणि त्यावर तो हसला तेव्हा तीही हसली. तिच्या शिव्या माझ्या अंगावर पडत होत्या आणि मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं तिची माया मला भाजत होती. रागाने पहिल्यांदा थंड वाटलं.

मग तिने डोळे पुसले आणि उठली. "ऊठ," मला म्हणाली.

"कुटं, मावशी?"

"माज्या अंगणात बोललास, माजं समाधान झालं. पर म्या काय हितं अंगणात उबी न्हाई ऱ्हायले येवढी वर्सं. समद्या गावाफुडं उबी ऱ्हायले."

आम्ही तिघे देवळाकडे निघालो. लेकाने हात पुढे केला, तो तिने धरला. दुपारच्या वेळी देवळाच्या ओट्यावर नेहमीची माणसं टेकलेली होती. भगतांचा मुलगा, आता तोच भगत, वाती वळत होता. भजनी मंडळातले दोघे-तिघे म्हातारे, पाणी भरून परतणाऱ्या काही बायका. आम्हाला बघून सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो मुंबैवाला का?"

ती उंबरापाशी थांबली नाही. सरळ पायरीपर्यंत गेली. तिथे उभी राहिली, लुगड्याचा घोळ सावरला आणि मान न वळवता मला म्हणाली, "बोल. मोट्यानं बोल, म्हातारी मान्सं हायेत."

आवाज निघाला, आणि माझाच तो आवाज मला किती वर्षांनी ओळखीचा वाटला. मी हात जोडले आणि म्हणालो, "मंडळी, त्या जत्रंला द्येवानं माजा हात धरला न्हवता. भाता मीच थांबवला, जळून. ह्या मायलेकराचा काय बी दोष न्हवता. मी खोटं बोललो, आन् येवढी वर्सं गप ऱ्हायलो. चुकलं माजं. मावशी, चुकलं माजं. मला माफ करा."